सुपाएवढ्या पानांची राजकन्या

एका राज्यात म्हणे माणसाचा मान पंगतीतल्या पानावरून ठरे. ज्याचं पान रुंद, तो मोठा. राजा भूपकेतूला सगळ्यांहून रुंद पान हवं होतं. त्यानं कालदंत मांत्रिकाला बोलावलं आणि मागशील ते देईन म्हणाला. वचन देताना अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय! मांत्रिकानं राजकन्या रत्नावळी मागितली आणि तिचंच झाड केलं. पानं सुपाएवढी.

राणी मृगावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीच्या मुळाशी ती घागरींवर घागरी ओती, तरी दुपार झाली की पानं माना टाकीत. झाड दिवसेंदिवस वाळत चाललं. राजा मात्र पाहुण्यांना ती पानं मिरवून दाखवी. एकदा तर त्यानं जेवायला त्यांतलंच एक कापून आणायला सांगितलं.

राणीनं सेवकाच्या हातातला विळा हिसकावला. म्हणाली, "माझ्या लेकीला हात लावाल तर याद राखा."

फांदीवरची साळुंकी बोलली, "राणी, तू मुळाशी पाणी घालतेस, आणि ऊन ते पानातून पिऊन टाकतं. रुंद पान म्हणजे उन्हाला वाढलेलं ताट. माळावर जा. तिथली झाडं पाणी राखून आहेत."

राणी तशीच अनवाणी निघाली. बाभळीनं तिला शालूच्या चिंध्या करायला लावल्या, तेव्हा बारीक पानांचा गुण दिला. कुसळी गवतानं तिला भर उन्हात अंग मुडपून मुकाट बसवलं. हे काम सगळ्यांत जड गेलं, कारण पोटात संताप नुसता खदखदत होता. पण बसली, आणि उन्हात पान गुंडाळून घ्यायचा गुण मिळवला. निवडुंगानं मुकुट मागितला. तिनं तो काढून भिरकावला. त्यानं पानांचे काटे करून खोडात पाणी साठवायचा गुण दिला.

राणीनं तिन्ही गुण झाडाला वाहिले. पानं फाटून बारीक झाली, मग गुंडाळली, मग त्यांचे काटे झाले.

"राजकन्येला हे असलं रूप?" राजा गरजला.

तोवर खोडात पाणी चढलं होतं. साल उकलली आणि रत्नावळी बाहेर आली. मांत्रिकाचं सारं बळ पानांच्या रुंदीत होतं. ती रुंदी सरली, तशी त्याची जागच्या जागी माती झाली. त्या दिवसापासून राज्यात राजारंकांना एकाच मापाचं पान मांडू लागले.

राजानं हात जोडले. "राणी, चुकलो. क्षमा कर."

"मला काय मागता? तहान तिला लागली होती."

राजा लेकीपुढे वाकला. रत्नावळीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं घागर उचलली आणि तळ लागेपर्यंत ती पीत राहिली.