खडकावरचं चाक

लोखंडाला वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. डोंगरावरच्या चौकीत बारा जवान आजारी पडले होते. त्यांची औषधं घेऊन नाईक भैरू पाटणे लष्कराचा अवजड ट्रक नदीपात्रातून नेत होता. मध्यावर मागचं डावं चाक गाळात रुतलं आणि जागच्या जागी गरगरू लागलं.

मागचं उजवं चाक खडकावर होतं, पण हलत नव्हतं. इंजिनाचा जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला ते म्हणालं, "माझ्याखाली खडक आहे. जोर मला दे."

"जे चाक सहज फिरतं, त्यालाच जोर मिळतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, तिथे याच रीतीने मी तुम्हाला सांभाळलंय."

"हे वळण नाही. ते फिरतंय आणि ट्रक बुडतोय. ही रीत मी मानत नाही."

पुढची चाकं म्हणाली, "आम्हीही मानत नाही. आजवर नुसती दिशा दिली, आज आम्हाला ओढू दे."

भैरूने वाकून खाली पाहिलं. एक दांडा ओढून त्याने पुढच्या आसालाही जोर दिला, दुसरा ओढून डिफरन्शियलला कुलूप घातलं. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरू लागली, पुढच्यांनी जमीन धरली आणि ट्रक करकरत काठावर चढला.

पक्का रस्ता लागताच भैरूने कुलूप काढलं. दुपारपर्यंत औषधं चौकीवर पोहोचली.

"आता पुन्हा माझी रीत," डिफरन्शियल म्हणालं.

"रस्त्यावर तुझीच," उजवं चाक म्हणालं. "पण गाळात तू पुन्हा हेच केलंस, तर मीही पुन्हा हेच बोलेन."