देवदाराच्या शेंड्यावर लोकर

डोंगरावर एक देवदार होता. उंच, उंच, मान दुखेल इतका उंच. त्याच्या मुळाशी एक बीळ होतं. बिळात पिटी उंदरी राहायची. तिचं एक बोटभर बाळ होतं.

आज बर्फ पडणार होता. पिटीनं कुंपणाला अडकलेली लोकर वेचली. बाळाला अंथरूण हवं ना, मऊ मऊ. लोकर दारात ठेवली, तोच वारा आला. सूंऽऽ. लोकर उडाली. थेट देवदाराच्या शेंड्यावर जाऊन बसली.

पिटीनं आ वासला. मिशा ताठ झाल्या. ती चढायला गेली, तर डिंकात पाय चिकटले.

"देवदारआजोबा, जरा वाका ना."

"मी कधी वाकलो नाही. मी वाकत नाही. जा."

पिटी गेली तुरुतुरु. सावलीत लायकूमिस्त्री बसला होता. शेजारी त्याची पेटी. पेटीवर करवत.

"लायकूदादा, देवदार वाकेना, बाळाची लोकर खाली येईना. देवदार काप ना."

"अगं वेडे, हा देवळाचा देवदार. याला करवत लावायची नसते. माझी पेटीसुद्धा आपणहून पडलेल्या झाडाची आहे. मी कापत नाही. जा."

पिटीनं आ वासला. मिशा ताठ झाल्या. पिटी गेली तुरुतुरु. पेटीखाली वाळवी होती.

"वाळवीबाई, मिस्त्री कापेना, देवदार वाकेना, बाळाची लोकर खाली येईना. मिस्त्रीची पेटी खा ना."

"देवदाराची पेटी? वास बघ तिचा. नाकात झिणझिण्या येतात. मी खात नाही. जा."

पिटीनं आ वासला. मिशा ताठ झाल्या. पिटी गेली तुरुतुरु. तिथेच कोंबडी होती.

"कोंबडीताई, वाळवी खाईना, मिस्त्री कापेना, देवदार वाकेना, बाळाची लोकर खाली येईना. वाळवीला टिप ना."

"सकाळपासून टिपतेच आहे बाई. आता गळ्याशी आलंय. मी टिपत नाही. जा."

पिटीनं आ वासला. मिशा ताठ झाल्या. पिटी गेली तुरुतुरु. आणि कुणाकडे गेली? मांजरीकडे.

"मनीमावशी, कोंबडी टिपेना, वाळवी खाईना, मिस्त्री कापेना, देवदार वाकेना, बाळाची लोकर खाली येईना. कोंबडीला भिवव ना."

मनीनं एक डोळा उघडला.

"कोंबडी राहू दे गं. तूच किती गोड दिसतेस. मी तुलाच खाते."

पिटीनं आ वासला. मिशा ताठ झाल्या. शेपूटसुद्धा ताठ झालं. आणि पिटी पळाली तुरुतुरुतुरु.

मागे मनी. धप धप धप.

कोंबडी दचकली, वाळवीला टिपू लागली. टुक टुक. वाळवी दचकली, पेटीला चावली. आक् छी. पेटी हलली. करवत पडली. खणण्ण. मिस्त्री दचकला, करवत उचलून उभा राहिला. देवदारानं करवत पाहिली.

देवदार दचकला. शेंड्यापासून मुळापर्यंत थरथरला. आणि वाकला. इतकासाच.

लोकर सुटली. भिरभिर, भिरभिर, मनीच्या नाकावर. आक् छी. मनी शिंकतच राहिली. पिटीनं लोकर ओढली, बिळात गेली.

"भिऊ नको रे बाबा," मिस्त्री देवदाराला म्हणाला. "तुला नाही कापत."

बाहेर बर्फ पडला. बाळ लोकरीत झोपलं. लोकरीला देवदाराचा वास लागला होता. एक पिसू आली. तिनं वास घेतला. आक् छी. आली तशी गेली.

बाळ झोपलेलंच.

गोष्ट शिरली बिळात, तुम्ही शिरा पांघरुणात.