अमृतकुंभाचा अर्ज

विषय : समुद्रमंथनातील अमृत वाहणाऱ्या मातीच्या घड्यास एक थेंब अमृत मिळणेबाबत.

फार जुन्या काळी अमृत वाटून झाले, देव पांगले आणि रिकामा घडा अंगणात राहिला. ओढाताणीत त्याच्या पोटाला चीर गेली होती. एका थेंबाने ती बुजली असती. म्हणून त्याने देवांच्या कचेरीत अर्ज केला.

तिथे उरलेले अमृत सांभाळायला बगळा बसला होता. वाटपाच्या वेळी पंगतीत घुसून त्यानेही घोटभर मिळवले होते.

"बगळेराव, चीर रोज वाढतेय," घडा म्हणाला.

"एवढे अमृत पोटात होते, तेव्हाच का नाही प्यायलास?"

"दुसऱ्यांची ठेव होती, साहेब."

"मग प्रामाणिकपणाचा दाखला जोड. खाली देवांची सही हवी."

"देव तर आषाढात झोपले, ते कार्तिकात उठणार!"

"मग थांब की. घाई कसली? मी कुठे मरतोय?"

भाद्रपदात घडा फुटला. कार्तिकात देव उठले, तेव्हा बगळ्याने अर्जावर शेरा मारला : 'अर्जदार समक्ष हजर नाही. दाखला जोडलेला नाही.'

बगळा अजून त्याच जागेवर आहे. अर्ज विचाराधीन आहे.