सावल्यांची पेटी

एका राज्यात आकाशातून आग बरसली आणि तटबंदीतल्या एका नगराखेरीज सारी पृथ्वी जळून गेली, असे तिथले पुरुष सांगत. स्त्रियांना ते पडताळून पाहता येत नसे. धूम्रकेश मांत्रिकाने त्या सगळ्यांच्या सावल्या तांब्याच्या पेटीत कोंडल्या होत्या, आणि सावलीवाचून वेस ओलांडू गेले की पाय जमिनीला चिकटत. सावल्या हरवू नयेत म्हणून जपून ठेवल्यात, असे तो म्हणे.

त्या नगरात तरंगिणी नावाची विणकरीण होती. एके सकाळी ती भर दरबारात गेली आणि राजा दंडधराकडे तिने आपली सावली मागितली. राजाने रिवाजाप्रमाणे तीन कामे सांगितली: विषारी तळ्याचे पाणी, जळक्या रानातले फूल आणि डोंगरावरच्या राक्षसाच्या मिशीचा केस आणायचा.

"महाराज, तिन्ही वेशीबाहेर आहेत," तरंगिणी म्हणाली. "सावलीवाचून जाऊ कशी?"

हे आजवर कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. अखेर मांत्रिकाने कुरकुरत पेटी किलकिली केली आणि तिची सावली ऊन उतरेपर्यंत उसनी दिली.

वेशीबाहेर चिंचेखाली नगराचे वीर घोरत पडले होते. राक्षसांशी लढायला रोज निघत ते इथवरच. तरंगिणी त्यांना वळसा घालून पुढे गेली. तळे निळेशार होते, पाणी गोड होते. रान इतके फुलले होते की कुठले फूल तोडावे तेच तिला कळेना. राक्षस फार म्हातारा होता. त्याने आनंदाने केस दिला आणि उरलेली मिशी तिच्याकडून विंचरून घेतली.

परतीच्या वाटेवर धनेश पक्षी फांदीवरून बोलला, "सावली तुझी, वाट मोकळी. मागे कशाला फिरतेस?"

तरंगिणी थबकली. मागे फिरावे असे तिलाही वाटत नव्हते. पण तिची धाकटी बहीण आत होती, आणि तिने जन्मात तळे पाहिले नव्हते.

"एकटीने किती पाहायचे?" ती म्हणाली, आणि डोळे पुसत वेशीकडे वळली.

दरबारात तिने तिन्ही वस्तू पुढे ठेवल्या आणि तळ्याचे पाणी गोड असल्याचे सांगितले. राजाने केस उजेडात धरून पाहिला, फूल हुंगले, आणि निवाडा दिला की स्त्रीने केलेली कामे झाली असे धरता येत नाही. मांत्रिक लगबगीने तिची सावली कोंडू लागला. पण दिवसभर उन्हात हिंडलेली सावली आत जाईना. त्या सावलीनेच पेटीत हात घालून एका सावलीचा हात धरला, तिने दुसरीचा, आणि एकेक करत सगळ्या बाहेर येऊन आपापल्या पायांना बिलगल्या. त्या ओढाताणीत धूम्रकेश पेटीत पडला. झाकण मिटले. शाप सरला.

स्त्रिया वेशीकडे निघाल्या. सिंहासनावरून राजाने हळूच विचारले, बाहेर खरेच विष नाही?

"चल, हात बुडवून बघ," राजमाता म्हणाली, आणि त्याचे बोट धरून त्याला बाहेर घेऊन गेली. त्या राज्याच्या वेशीला आजही दार आहे, अडसर मात्र नाही.