मुंगसाची आखूड काठी

माणसं गोल्फ शिकली त्याच्याही आधी एका माळावर प्राणी तो खेळ खेळत असत. रोज संध्याकाळी मुंगूस आणि वानरमावशी काठीने चेंडू मारत बिळापर्यंत न्यायचे. मुंगूस हरायचं आणि आपल्या जुन्या काठ्यांना नावं ठेवायचं.

एकदा साळिंदराने शिसवाच्या सात काठ्या तासल्या. किंमत सत्तर कंद. ते मुंगसाला म्हणालं, "हप्त्याने ने, आजच. संध्याकाळी उठल्यावर मला ताजा कंद लागतो. रोज तेव्हा एक खणून आण. शंभर झाले की फिटलं."

मुंगसाचे डोळे चमकले. मावशी म्हणाली, "घे की. पण संध्याकाळी तू कंद खणणार, मग मी खेळू कुणाशी? या साळिंदराशी? त्याचे काटे चेंडूत घुसतात रे."

मुंगूस साळिंदराला म्हणालं, "काठ्या राहू देत तुझ्याकडेच. सत्तर साठले की नेईन."

त्यानंतर ते सकाळी कंद खणून साठवायचं आणि संध्याकाळी जुन्याच काठ्यांनी खेळायचं.

थंडी पडली तेव्हा सत्तर कंद जमले. साळिंदराने सातही काठ्या पुढे मांडल्या. मुंगसाने दहा कंद देऊन सगळ्यांत आखूड काठी तेवढी उचलली.

"रोज खेळून कळलं, माझा बिळाजवळचा फटका तेवढा चुकतो. तिथे जुनी काठी लांब पडते."

"आणि बाकीचे साठ कंद?"

"मावशी भाजतेय. तूही चल. फक्त काटे मिटून बस."