नगराध्यक्षांची अडकलेली काच

नगराध्यक्ष धैर्यशीलरावांच्या जुन्या गाडीची मागची काच बटण दाबलं की कण्हायची आणि दोन बोटं खाली येऊन अडकायची. ते बाबालाल मिस्त्रीवर तडकले, "मोटर डुप्लिकेट बसवलीस! उद्या गॅरेजला टाळं ठोकतो."

मिस्त्रीने ड्रायव्हरच्या दाराचं बटण दाबलं. काच सरसर खाली गेली.

"साहेब, दोन्ही मोटरी एकाच दिवशी बसवल्यात. ड्रायव्हर चौकाचौकात तंबाखू थुंकायला काच खाली घेतो. तुमची न वापरून रबराला चिकटलीय. स्प्रे मारतो, मग रोज बाजारात काच खाली घेऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकत जा."

"मला एवढा वेळ नाही!"

"मग राहू द्या. निवडणूक लागली की ती आपसूक खाली येते."