खालची रेघ

"मग, गेली रेघ?"

"गेली, बाई! बघा ना. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

शार्दूल नाईकवडेने दोन्ही फिल्म टेबलावर ठेवल्या. शेजारी प्रबंध ठेवला, सहीचं पान वर येईल असा. त्याच्या मार्गदर्शक टिळेकरबाईंची सही झाली की तो तडक विद्यापीठात जाणार होता. परदेशातली नोकरी त्या एका सहीवर अडली होती.

प्रयोगशाळेत त्याच्याइतकं हुशार कुणी नव्हतं. हे त्याला इतरांच्या आधी कळलं होतं.

त्याचा सगळा प्रबंध एका काळ्या रेघेवर उभा होता. पेशीला बाहेरून आलेला निरोप आत पोहोचवणारं एक एन्झाइम असतं. ते शोधायला अँटिबॉडी सोडायची. ती जिथे चिकटेल तिथे फिल्मवर रेघ उमटते; फिल्म जितकी जास्त वेळ ठेवावी, तितकी गडद. पण ती त्याच एन्झाइमला चिकटली की भलत्यालाच, हे कळावं कसं? त्यासाठी त्या एन्झाइमचाच एक छोटा तुकडा मिळतो, पेप्टाइड. तो अँटिबॉडीत आधी मिसळायचा. पोटभर जेवून निघालेला पाहुणा पुढच्या घरी पाटावर बसत नाही. रेघ गेली, तर अँटिबॉडीवर भरवसा ठेवायचा. राहिली, तर सगळं मुसळ केरात.

पेप्टाइडची कुपी पहिल्या वर्षापासून फ्रीझरमध्ये पडून होती. शार्दूलला कधी गरजच वाटली नाही. बाई अडून बसल्या म्हणून गेल्या आठवड्यात त्याने ती उघडली आणि दोन फिल्म काढल्या, एक पेप्टाइडविना, एक पेप्टाइड मिसळून.

बाईंनी पेप्टाइडची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ...

"वरची रेघ गेली खरी."

"मी म्हणालो होतो ना."

"आणि ही खालची का रे फिकटली?"

शार्दूलने वाकून पाहिलं. प्रत्येक पेशीत असणाऱ्या एका साध्या प्रथिनाची ती रेघ. दोन्हीकडे पेशींचा नमुना सारखाच घातलाय, एवढं दाखवायला लावलेली. तिच्याकडे कुणी बघत नाही. त्यानेही बघितलं नव्हतं.

"तिची अँटिबॉडी वेगळी. पेप्टाइडशी तिचं काय वैर?" बाई म्हणाल्या.

"नमुना थोडा कमी पडला असेल... किंवा फिल्मच जुनी होती... फिल्म धुवायचं डेव्हलपर पण..."

चोराच्या मनात चांदणं. विचारलं एक आणि कारणं निघाली तीन.

"फिल्म किती वेळ ठेवलीस?"

...

"शार्दूल."

"पहिल्यांदा रेघ दिसली, बाई. म्हणून दुसरी फिल्म लावली... आणि लगेच काढली."

त्याला लाज वाटायला हवी होती. आधी आला तो राग.

"सहा वर्षं घातलीत मी यात! कुणाला कळणार होतं?"

बाईंनी प्रबंध पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. शार्दूलचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी ते पेन त्याच्यापुढे धरलं.

"तूच कर."

"काय?"

"माझी सही. रेघ घालवता येते तुला. काढताही येईल."

पेन तसंच धरलेलं...

त्याने ते घेतलं नाही. बाईंचा इतका संताप त्याला कधी आला नव्हता, आणि बाईंचं चुकत नव्हतं हे त्या संतापाहून कडू होतं. डोळे भरून आले तसा त्याने प्रबंध उचलला आणि कसाबसा पिशवीत कोंबला.

"पुन्हा करतो. दोन्ही फिल्म एकदम लावतो, एकदम काढतो."

"हं."

दारापर्यंत जाऊन तो थांबला.

"पण बाई... रेघ राहिली तर?"

बाईंनी पेनला टोपण लावलं.

"तर तुझ्या टेबलावर खरं बोललेली ती पहिलीच."